सफारी की एक्सयूव्ही700? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

2021 मध्ये अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने तीन रांगांच्या दोन मोठ्या गाड्या आल्या. आधी टाटांची नवी सफारी, मग महिंद्राची एक्सयूव्ही700. एक पिंपरीत तयार होते, दुसरी चाकणला. दोघींत निवड करताना लोक ज्या गोष्टींवर अडतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन-चार वर्षं वापरलेली गाडी घेणाऱ्यांचे प्रश्न हल्ली सर्वांत जास्त येतात, म्हणून भर 2021 ते 2025 मधल्या गाड्यांवर आहे. जानेवारी 2026 पासून महिंद्राने हीच गाडी एक्सयूव्ही 7एक्सओ या नावाने नव्या रूपात आणली. तिच्या व्हेरियंटची यादी वेगळी आहे.

1. दोन्ही गाड्यांत मुळात फरक काय?

सफारीत 2 लिटरचं डिझेल इंजिन आहे, 170 पीएस ताकदीचं. 2025 अखेरपर्यंत तिला पेट्रोलचा पर्यायच नव्हता. एक्सयूव्ही700 मध्ये 2 लिटरचं 200 पीएसचं टर्बो पेट्रोल आणि 2.2 लिटरचं डिझेल असे दोन पर्याय होते. डिझेल खालच्या एमएक्स व्हेरियंटमध्ये 155 पीएसचं, तर एएक्स मालिकेत 185 पीएसचं. दोन्ही गाड्या सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येही मिळतात आणि ऑटोमॅटिकमध्येही.

मापांत एक्सयूव्ही700 थोडी लांब (4695 मिमी), सफारी थोडी रुंद (ऑक्टोबर 2023 नंतरची 1922 मिमी, तर एक्सयूव्ही700 1890 मिमी) आणि उंच. इंधनाची टाकी सफारीत 50 लिटरची, एक्सयूव्ही700 मध्ये 60 लिटरची. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे. सफारीची टाकी एकदा भरली की नागपूरहून थेट मुंबईकडचं टोक गाठू, असं गृहीत धरून निघू नका.

2. आमच्याकडे जुनी सफारी होती. नवी तशीच दणकट आहे का?

नाव तेच, गाडी पूर्ण वेगळी. 1998 साली आलेली सफारी चासीवर बांधलेली होती, ताकद मागच्या चाकांना जायची आणि फोर बाय फोरही मिळायची. 2021 ची सफारी मोनोकॉक बांधणीची (वेगळी चासी नाही, अख्खा सांगाडा एकसंध) आहे आणि तिची फक्त पुढची चाकं ओढतात. महामार्गावर ती जुनीपेक्षा कितीतरी शांत, स्थिर आणि सुरक्षित आहे. शेतातल्या चिखलवाटेसाठी घेणार असाल, तर मात्र जुन्या आठवणींवर विसंबू नका (प्रश्न 12 पाहा). एक्सयूव्ही700 सुद्धा मोनोकॉकच आहे.

3. फार खोलात न जाता सांगा, कोणती घेऊ?

मागच्या दोन रांगांत कोण बसणार आणि वर्षातून किती वेळा, एवढं आधी ठरवा. घरात आजी-आजोबा आहेत, महिन्यातून एक-दोनदा सहाजण लांब जातात, गाडी आठवड्याला महामार्गावर निघते, तर ऑक्टोबर 2023 नंतरची, नव्या रूपातली सहा आसनी सफारी घ्या. एरवी चौघंच, तिसरी रांग सणासुदीला मुलांसाठी, चालवण्याची हौस आहे किंवा रोजचा वापर शहरातला आहे, तर एक्सयूव्ही700. शहरासाठी तर तिचं पेट्रोलच.

बहुतेक घरांत चालवणारा एकटाच टेस्ट ड्राइव्ह घेऊन येतो, इंजिनावर खूश होतो आणि गाडी पक्की करतो. पुढची आठ-दहा वर्षं बाकीचे सगळे मागे बसणार असतात. तेव्हा टेस्ट ड्राइव्हला अख्खं घर न्या. निदान अर्धा तास तुम्ही स्वतः तिसऱ्या रांगेत बसा, गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

4. तिसऱ्या रांगेत मोठी माणसं खरंच बसू शकतात का?

सफारीत मध्यम उंचीची दोन माणसं पुणे-महाबळेश्वर एवढा प्रवास कुरकुर न करता करतील. एक्सयूव्ही700 मध्ये ती जागा मुलांची किंवा छोट्या अंतराची. तिथे मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार उरत नाही. शिवाय एक्सयूव्ही700 ची मधली आसनं पुढे-मागे सरकत नाहीत, फक्त पाठ कलते. त्यामुळे मधल्या माणसाला विनंती करून मागे चार बोटं जागा मिळवणं शक्य होत नाही.

पारख करायची तर क्रमाने करा. आधी ड्रायव्हरची सीट नेहमीच्या जागी लावा, मग तिच्यामागे मधली सीट, मग तिसरी. शोरूममध्ये पुढच्या सीट पुढे ओढून ठेवलेल्या असतात, त्यामुळे मागे ऐसपैस वाटतं. बसल्यावर तीन गोष्टी पाहा. तळपाय मधल्या सीटखाली जातात का? डोकं छताला टेकतं का? आणि वळणावर धरायला हाताशी काही आहे का? एसीचे झरोके दोन्ही गाड्यांत तिसऱ्या रांगेपर्यंत आहेत, पण दुपारच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत मागे गारवा पोचायला किती वेळ लागतो ते स्वतः बसूनच कळतं.

घाटात गाडी लागणाऱ्याला मात्र कुठल्याच गाडीत मागे बसवू नका. तिसरी रांग मागच्या चाकांवर येते, तिथे हेलकावे जास्त बसतात आणि बाहेरचं कमी दिसतं. ताम्हिणीत किंवा आंबोलीत त्याचा त्रास सगळ्या गाडीला होतो.

5. सहा आसनी घ्यावी की सात आसनी?

सहा आसनीत मधे दोन स्वतंत्र खुर्च्या असतात आणि त्यांच्यामधून तिसऱ्या रांगेत जाता येतं. खुर्ची पाडायची नाही, मधल्याला उठवायचं नाही. मागे नियमित कोणी बसणार असेल तर हाच पर्याय चांगला. सफारीच्या वरच्या सहा आसनी व्हेरियंटमध्ये मधल्या खुर्च्यांनाही थंड हवेची सोय आहे आणि मे महिन्यात विदर्भात ती चैन राहत नाही. एक्सयूव्ही700 ला सहा आसनांचा पर्याय जानेवारी 2024 मध्ये आला, त्यामुळे त्याआधीच्या वापरलेल्या गाड्यांत तो शोधू नका.

सात आसनी कोणासाठी? मधे तीन मुलं शेजारी बसवायची असतील, किंवा बाळ झोपवून न्यायचं म्हणून सलग बाक हवा असेल, त्यांच्यासाठी. बाळाला मात्र बालआसनातच बांधा. बालआसन अडकवायचे आयसोफिक्सचे हुक मधल्या रांगेत आहेत.

6. आईचे गुडघे दुखतात. तिला कोणत्या गाडीत चढणं सोपं जाईल?

एक्सयूव्ही700 थोडी बुटकी, म्हणून थोडी सोपी; पण खरं उत्तर आईलाच घेऊन गेल्यावर मिळेल. ती आधी पाय ठेवते की आधी टेकते, हे पाहा. गुडघेदुखी असलेली बरीच माणसं पाठमोरी होऊन आधी सीटवर टेकतात आणि मग दोन्ही पाय आत घेतात. अशांसाठी सीटची कड कंबरेच्या पातळीला आली पाहिजे. सफारीत ठेंगण्या व्यक्तीला ती कड उंच पडते. साइड स्टेप बसवून घेतली तर पाय ठेवून चढणाऱ्यांना मदत होते, टेकून बसणाऱ्यांना उलट तीच मधे येते. दाराशी पकडायला हँडल कुठे आहे, तेही तिच्या हाताने तपासा.

उतरताना जास्त लक्ष द्या. चढताना आधार मिळतो, उतरताना पाय अधांतरी राहतो आणि पडण्याची भीती तिथेच असते.

7. सातही जण बसल्यावर सामान कुठे ठेवायचं?

तिसरी रांग उभी असताना दोन्ही गाड्यांत मागे दोन-तीन मऊ पिशव्या मावतात, मोठी सुटकेस नाही. गणपतीला सातजण कोकणात निघाले की मखराचं सामान, फराळाचे डबे आणि कपडे हे सगळं आत बसणार नाही. सहाजण असाल तर तिसऱ्या रांगेतली अर्धी सीट पाडून भागतं.

छतावर कॅरिअर लावणार असाल तर छताला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा आणि जड सामान खाली, हलकं वर ठेवा. छतावर वजन चढलं की वळणावर गाडी जास्त झुकते, हे चालवणाऱ्याने लक्षात ठेवावं.

8. पेट्रोल घ्यावं की डिझेल?

हिशेब मांडून दाखवतो. समजा पेट्रोल 104 रुपये, डिझेल 90 रुपये. मिश्र वापरात पेट्रोल गाडी लिटरला 9 किलोमीटर देते, डिझेल 12. वर्षाला 12,000 किलोमीटर चालवलीत तर पेट्रोलचा खर्च सुमारे 1,38,700 रुपये, डिझेलचा 90,000. फरक जवळपास 48,700 रुपयांचा. वर्षाला 6,000 किलोमीटरच असतील तर तोच फरक निम्म्यावर येतो आणि डिझेल गाडीची जादा किंमत नि जादा कर भरून निघायला बरीच वर्षं लागतात. तुमच्या गावचे भाव टाकून हाच हिशेब करा.

पण पैशांपेक्षा वापर महत्त्वाचा. रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर डिझेल घेऊच नका. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

पेट्रोलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. पंपांवर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्याने मायलेज थोडं घटतं. एप्रिल 2023 पासून बनलेल्या गाड्यांचे भाग या इंधनाला चालतील असे असतात. त्याआधीची पेट्रोल एक्सयूव्ही700 घेत असाल तर सर्व्हिस सेंटरला चासी नंबर सांगून खात्री करून घ्या.

9. डीपीएफचा दिवा लागतो म्हणजे काय? गाडी खराब आहे का?

बीएस6 (प्रदूषणाचे हल्लीचे कडक निकष पाळणाऱ्या) डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरत आली की गाडी स्वतःच तिचं तापमान वाढवून काजळी जाळून टाकते. यासाठी इंजिन पुरेसं तापलेलं आणि गाडी काही वेळ सलग धावती असावी लागते. घर ते शाळा, शाळा ते बाजार अशा तुकड्यातुकड्यांच्या फेऱ्यांत ते जमत नाही. काजळी साचते, दिवा लागतो आणि तरीही दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते.

दिवा लागला की इंजिन बंद करू नका. मोकळ्या रस्त्यावर, खालच्या गिअरमध्ये इंजिन थोडं चढं ठेवून 15-20 मिनिटं सलग चालवा. बहुतेक वेळा दिवा जातो. नाही गेला तर सर्व्हिस सेंटरला संगणकाने सफाई करून घ्यावी लागते. दोन्ही कंपन्यांच्या डिझेल गाड्यांना हे लागू आहे, हा कोणा एकीचा दोष नाही.

वापरलेली डिझेल गाडी घेताना धावलेले किलोमीटर फार कमी दिसले तर लोक खूश होतात. तीन वर्षांत 12,000 किलोमीटर धावलेली शहरी डिझेल गाडी मला 60,000 किलोमीटर महामार्गावर धावलेल्या गाडीपेक्षा जास्त संशयास्पद वाटते. सर्व्हिसच्या नोंदींत डीपीएफ सफाई किती वेळा झाली, ते जरूर पाहा.

10. दोन्हींना पाच तारे आहेत ना? मग सुरक्षेत फरक काय उरला?

तारे कोणत्या गाडीला आणि कधी मिळाले, ते पाहावं लागतं. एक्सयूव्ही700 ला नोव्हेंबर 2021 मध्ये धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने प्रौढांसाठी पाच (17 पैकी 16.03 गुण) आणि मुलांसाठी चार तारे दिले. सफारीला ऑक्टोबर 2023 मध्ये, नव्या रूपासोबत, त्याच संस्थेने दोन्हींसाठी पाच तारे दिले (प्रौढ 34 पैकी 33.05, मुलं 49 पैकी 45). मधल्या काळात चाचणीचे नियम कडक झाले होते, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नका. डिसेंबर 2023 मध्ये भारत एनकॅप या आपल्या देशातल्या चाचणी कार्यक्रमाने पहिले निकाल जाहीर केले, त्यातही सफारीला पाच तारे होते.

2021 ते सप्टेंबर 2023 मधली सफारी विकणारे एजंट हेच तारे तिलाही लावून सांगतात. ते चूक आहे, चाचणी नव्या रूपातल्या गाडीची झाली.

आणि या चाचण्यांत पुतळे पुढच्या सीटवर आणि मुलांचे मधल्या रांगेत असतात. तिसऱ्या रांगेत कोणी बसवलेलं नसतं. तिथल्या माणसाच्या पाठीमागे मागच्या दारापर्यंत थोडीच जागा उरते. पट्टा सगळ्यांनी लावायचा, तिसऱ्या रांगेतल्यांनीही. मागे पट्टा न लावल्यास 1000 रुपये दंड आहे, पण कारण दंडाचं नाही.

11. वापरलेली एएक्स3 स्वस्त मिळतेय. घेऊ का?

एअरबॅग मोजा. एक्सयूव्ही700 चे सुरुवातीचे एमएक्स आणि एएक्स3 दोनच एअरबॅगचे होते. जादा एअरबॅग एएक्स5 पासून वर. नव्या रूपातल्या सफारीत सगळ्या व्हेरियंटना सहा, वरच्यांना सात. कुटुंबासाठी गाडी घेताय, तर एक व्हेरियंट वर जाऊन गाडी एक वर्ष जुनी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

चालकाला मदत करणारी अडास यंत्रणा एक्सयूव्ही700 च्या वरच्या व्हेरियंटमध्ये 2021 पासून आहे, सफारीत 2023 पासून. समृद्धीसारख्या आखीव रस्त्यावर ती उपयोगी पडते. गावातून जाताना, जिथे पट्टे पुसलेले असतात आणि रिक्षा मधेच आत घुसते, तिथे ती अचानक ब्रेक लावू शकते. मागची गाडी चिकटून येत असेल तर ते धोक्याचं. कोणतं बटण कुठली मदत बंद करतं, ते पहिल्याच दिवशी शिकून घ्या.

12. आमचं गाव रत्नागिरीकडे आहे, शेवटचा चढ कच्चा. ऑल व्हील ड्राइव्ह लागेल का?

कोरड्या दिवसांत नाही, पावसाळ्यात कदाचित. दोन्ही गाड्यांची पुढची चाकं ओढतात. सातजण आणि सामान भरून ओल्या लाल मातीच्या चढाला लागलात की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकी तीच फिरायला लागतात. अशा वेळी दोन-तीन जणांना उतरवलं तरी गाडी निघून जाते.

ऑल व्हील ड्राइव्ह सफारीत नाहीच. एक्सयूव्ही700 मध्ये ते फक्त एएक्स7 डिझेल ऑटोमॅटिकला मिळायचं, तेही लो रेंजशिवाय, म्हणजे अवघड चढासाठी जास्त जोर देणाऱ्या खालच्या गिअरशिवाय. चिखलातून बाहेर काढायला पुरतं, डोंगर चढायला नाही. घरापर्यंतचा रस्ता बाराही महिने खरोखर वाईट असेल तर या दोन्ही सोडून स्कॉर्पिओ-एनची फोर बाय फोर पाहा. स्टेपनीचंही पाहा. ती बुडाखाली टांगलेली असते, चिखलात उतरवणं जिकिरीचं होतं. घेतानाच एकदा स्वतः उतरवून बघा.

13. आमच्या सोसायटीत स्टॅक पार्किंग (गाड्या एकावर एक ठेवणारी यंत्रणा) आहे. बसेल का?

विक्रेत्याला विचारू नका, पार्किंगच्या खांबावर लावलेली पाटी वाचा. तिथे लांबी, रुंदी, उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते. जुन्या यंत्रणा सेडान गाड्यांसाठी केलेल्या असतात आणि तिथे बहुधा आधी उंची, मग वजन अडवतं. वर दिलेली रुंदी आरसे सोडून आहे. पाटी नसेल तर सोसायटीकडून लेखी घ्या, कारण नंतर बिघाड झाला की बोट तुमच्या गाडीकडेच दाखवलं जातं.

14. महाराष्ट्रात ऑन-रोड किंमत एवढी का फुगते?

22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या गाड्यांवर जीएसटी 40 टक्के झाला. त्याआधी सेससह 50 टक्के पडायचा. त्यावर राज्याचा एकरकमी कर. 10 ते 20 लाखांच्या गाडीला पेट्रोलसाठी 12 आणि डिझेलसाठी 14 टक्के, 20 लाखांच्या वर अनुक्रमे 13 आणि 15. म्हणजे 20 लाखांची रेघ ओलांडणारा एखादा व्हेरियंट दिसतो त्याहून महाग पडतो. कंपनीच्या नावावर घेतलीत तर 20 टक्के. सीएने सांगितलेली घसाऱ्याची बचत या जादा करातून वजा करून मगच ठरवा.

10 लाखांवरच्या गाडीवर विक्रेता 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर घेतो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो आणि पुष्कळ लोक विसरतात.

15. गोव्यात नोंदणी केली तर कर वाचेल का? आणि बीएच नंबर?

गोव्यात राहत असाल तर नोंदणी तिथेच करा. राहायचं पुण्यात आणि कर वाचवायला पत्ता मडगावचा, हे करू नका. गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात राहिली की तिथे पुन्हा नोंदणी करून कर भरावा लागतो आणि तपासणीत अडकलात तर मनस्ताप वेगळा.

बीएच मालिका, म्हणजे राज्य बदललं तरी तोच चालणारा भारत मालिकेचा नंबर, सरकारी नोकर, सैन्यदल, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी आहे. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो. बदलीच्या नोकरीत ती खरंच सोयीची. वापरलेली बीएच गाडी घेणारे मात्र अडचणीत येतात, कारण खरेदीदार स्वतः पात्र नसेल तर ती राज्याच्या नंबरवर आणून तिथला कर भरावा लागतो. भाव ठरवतानाच ही रक्कम वजा करा.

16. मी परदेशात असतो, गाडी नाशिकला आई-बाबांसाठी हवी आहे. कोणती?

आई-बाबांच्या नावावरच घ्या. विमा, सही, आरटीओ सगळं सोपं जातं. अशी गाडी आठवडा आठवडा उभी असते, म्हणून पेट्रोल एक्सयूव्ही700 ऑटोमॅटिक योग्य (प्रश्न 9). आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवायला शेजारचा भरवशाचा माणूस ठरवा, नाहीतर बॅटरी उतरते. दोघंच राहत असतील तर एवढी मोठी गाडी खरंच हवी का, हे त्यांना फोनवर मोकळेपणाने विचारा. मुलाने हौसेने दिलेली गाडी दारात काढता येत नाही म्हणून रिक्षाने फिरणारे आई-बाबा पुष्कळ आहेत.

17. मुलं सनरूफमधून उभी राहतात. चालेल ना?

नाही. धावत्या गाडीत कधीच नाही.

18. याच पैशात इनोव्हा का घेऊ नये?

सातही मोठी माणसं नेहमी प्रवास करणार असतील तर जरूर घ्या. इनोव्हा हायक्रॉसची तिसरी रांग या दोन्हींपेक्षा मोकळी आहे. नोकरी-शाळेचा रोजचा वापर आणि अधूनमधून सहाजण, एवढीच गरज असेल तर या दोघींत तेवढ्या पैशात जास्त मिळतं.

19. वापरलेली घेताना कोणते कागद तपासू?

आधी परिवहन खात्याच्या एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून मालक किती झाले, कर्ज आहे का आणि ई-चलनं थकली आहेत का ते पाहा. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथलं फॉर्म 28 वरचं ना-हरकतही.

विम्याचं काम लगेच करा. तृतीय पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर तुमच्याकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तुमच्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांच्या आत कंपनीला कळवावं लागतं. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो. त्याच्या फरकाची रक्कम कंपनी तुमच्याकडून भरून घेते. तुमच्या जुन्या गाडीवरचा तुमचा बोनस असेल तर तिच्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या, तो या गाडीला लावता येतो.